देव पाण्यात असताना

३ डिसेंबर, मंगळवार

आज दुपारी रुचिराचं सिझेरियन झालं. मुलगा झाला. असं लिहिलं की पुढे पेढ्यांचं लिहायचं असतं, पण बाळाला सातव्या महिन्यातच बाहेर काढावं लागलं. सकाळी लेकीचं बीपी इतकं चढलं की डॉक्टर म्हणाले, आता थांबलो तर दोघांनाही धोका. बाळाचं वजन सव्वा किलोसुद्धा नाही. मी बाजारातून कांदे याहून जास्त आणते. त्याला काचेच्या पेटीत ठेवलंय, नाकातोंडात नळ्या, आणि श्वास मशीन देतंय. मला लांबून दाखवलं तेव्हा नुसती टोपीच दिसली. नर्स म्हणाली, "आजी, टोपीखाली तोच आहे."

जावई जहाजावर. विश्वजीतचं जहाज ब्राझीलच्या वाटेवर आहे आणि बंदराला लागेपर्यंत त्याला उतरता येणार नाही. फोनवर रडत होता. रेंज तुटत होती, त्यामुळे सगळं रडणं ऐकू आलं नाही हे एक बरं झालं.

संध्याकाळी घरी येऊन आंघोळ केली आणि देव पाण्यात ठेवले. पितळेच्या पातेल्यात पाणी भरलं आणि गणपती, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक आणि माझ्या माहेरहून आलेला रांगता बाळकृष्ण एकेक करून आत सोडले. म्हटलं, बाळ घरी आलं की बाहेर काढीन, तोवर नाही. मुलीच्या बाळाचं सोयर आपल्याला लागतं का, हे कुणाला विचारायचं धाडस केलं नाही. लागत असलं तर देवांना शिवले हे पापही माझ्याच माथी.

हे दारात उभे राहून बघत होते. (डायरीत तरी नवऱ्याचं नाव लिहायला काय हरकत आहे? कमलाकर.) मग गॅलरीत गेले. रुचिराच्या आधी आम्हाला मुलगा झाला होता. तो चार दिवस होता. तेव्हाही मी देव असेच ठेवले होते. त्यांना नंतर पाण्यातून कुणी काढलं, तेही मला आठवत नाही. त्यानंतर ह्यांनी देवापुढे हात जोडलेले मी पाहिले नाहीत. भांडण नाही, शिव्या नाहीत, फक्त बोलणं टाकलंय. मी मात्र पुन्हा ठेवले. दुसरं काय करू, मला दुसरं काही येत नाही.

४ डिसेंबर, बुधवार

सकाळी पातेल्यातलं पाणी बदललं, जुनं तुळशीला घातलं. सवयीने उदबत्ती लावली आणि रिकाम्या देव्हाऱ्यापुढे उभी राहिले. ती कुणाला ओवाळायची ते कळेना. शेवटी पातेल्याला ओवाळली.

हॉस्पिटलच्या रस्त्यावर विमानतळाच्या कामाचे डंपर एकामागे एक उभे. रिक्षात बसून देवाला हाक मारायला गेले तर डोळ्यांपुढे पातेलंच आलं. संकटात बाकीच्यांना देव आठवतो, मला पितळेचं भांडं. हसू आलं. मग आपण हसलो याचीच भीती वाटली.

बाळ तसंच आहे. "तसंच म्हणजे चांगलं समजायचं," असं डॉक्टर म्हणाले. आयुष्यभर मी तसंच म्हणजे वाईट समजत आले.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "सेफ्टी पिन आहे का गं?"

"कशाला?"

"खिशाचं बटण तुटलंय."

लावून देते म्हटलं तर, नको, पिनच बरी. मग चष्मा पुसायचा तो मऊ रुमाल शोधत बसले. मग कापूस. बाळ मशीनवर, लेक कळवळतेय, आणि ह्यांना खिशाची पडलीय. मी बोलले, जरा जास्तच बोलले. ह्यांनी ऐकून घेतलं, पिन घेतली आणि आत गेले.

५ डिसेंबर, गुरुवार

बाळकृष्ण नाही.

सकाळी पाणी बदलायला पातेलं उचललं. गणपती आहे, अन्नपूर्णा आहे, टाक आहे. बाळकृष्ण नाही. पातेल्यात हात फिरवला, पाणी परातीत ओतून बघितलं. नाही. आणि मग काल सकाळचं आठवलं. मी घाईत होते, रुचिराचा फोन वाजत होता, पातेलं तसंच तुळशीवर उपडं केलं आणि देव परत आत टाकले. मोजून टाकले का? नाही. तो माझ्या अंगठ्याएवढा आहे.

मी देव ओतून टाकला.

चमच्याने तुळशीची माती उकरली. मग हाताने. मग सगळी तुळस मुळासकट उपटून वर्तमानपत्रावर ठेवली. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, शेजारीपाजारी लक्ष्मीचे कलश मांडतायत, आणि मी तुळस उपटून बसलेय. मातीत काही नव्हतं. गॅलरीच्या भोकातून पाणी खाली जातं, तिथे तार घालून बघितली. पालापाचोळा आला. तुळस पुन्हा लावली, पण ती मान टाकून उभी आहे.

त्यातच हॉस्पिटलचा फोन. बाळाला जंतुसंसर्ग झाल्याची शंका आहे, रक्त तपासायला पाठवलंय. मी तशीच मातीच्या हाताने फोन धरून उभी. मला कुणी सांगू नका की या दोन गोष्टींचा संबंध नाही.

ह्यांना सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू? एक तर ह्यांचं देवाशी बोलणं बंद, त्यात मी देव हरवलाय.

७ डिसेंबर, शनिवार

संसर्ग आहेच. औषध सुरू केलंय, दोन-तीन दिवसांत कळेल म्हणतात. काय कळेल, ते कुणी म्हणत नाही.

हौसा भांडी घासायला आली तेव्हा तिला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती खाडीकाठच्या गावातली. नवरा आणि दोन दीर मासेमारीला जातात.

"हौसा, देवाच्या पातेल्याला हात लागला का गं तुझा?"

"माजा कशाला लागंल? तुमचे देव न्हातात तर न्हाऊ द्या."

मग खरकटं काढता काढता म्हणाली, "आमी नाय ठेवत देव पान्यान. आमची मानसंच पान्यान असतात."

"मग देव कुठे असतो तुमचा?"

"होडीवर. म्होरं टोकाला बसवलाय ना. होडी बुडली तर तो पन बुडंल, म्हनून सांबालतो."

तिने देवाला असं कामाला लावलंय. मी मात्र त्याला पाण्यात ठेवून घरून निघून गेले, आणि हरवून बसले. तिला काही सांगितलं नाही. तिच्या मनात संशयाचं खूळ नको, आणि माझ्या मनात तो क्षणभर आला होता, हेही इथेच राहू दे.

ओल्या गॅलरीत बसून बसून मला सर्दी झालीय. बाळांच्या विभागाच्या दारातच आभा सिस्टरनी अडवलं. "आजी, एक शिंक आणि आमची सगळी पिल्लं आजारी पडतील. बरं वाटेपर्यंत घरी." म्हणजे मी आता आतही नाही. रुचिराला टाक्यांमुळे ताप, ती वरच्या मजल्यावर खाटेवर. बाळाजवळ आमचं कोणीच नाही. काचेबाहेरच्या बाकड्यावर हे बसतात. दवाखान्याच्या वासाने ज्यांना दहा मिनिटांत मळमळायचं, ते सकाळी डबा घेऊन जातात ते अंधार पडल्यावर येतात. रोज तोच चौकड्यांचा शर्ट. आल्यावर स्वतः धुतात आणि पंख्याखाली वाळत घालतात. दुसरा घाला म्हटलं तर म्हणतात, दुसऱ्याला असा खिसा नाही.

खिसा, खिसा. माणसाचं डोकं काळजीने कुठे कुठे अडकतं.

९ डिसेंबर, सोमवार

रुचिराचा फोन. आवाज दबका. "आई, बाबांच्या छातीत दुखतंय का गं? सिस्टर सांगत होती, काका दिवसभर छातीवर हात धरून बसतात. डाव्या बाजूला. आणि मधेच काहीतरी पुटपुटतात."

आता हे राहिलं होतं.

हे घरी आल्यावर नीट बघितलं. खरंच, पाण्याचा ग्लास उजव्या हातात आणि डावा हात छातीवर. मी सरळ विचारलं, "दुखतंय?"

"कोणाला?"

"तुम्हाला. छातीत."

"काही नाही."

"मग हात काढा बघू."

हात काढला, पण असा हळू की माझी खात्रीच पटली. उद्याच्या उद्या ईसीजी काढायचा, मी म्हटलं. हे म्हणाले, काढणार नाही. म्हटलं, बटणं सोडा, निदान मी तरी हात लावून बघते. तर चक्क दोन पावलं मागे सरकले. चाळीस वर्षांच्या संसारानंतर मला बघून मागे सरकले. "शोभा, बाळाचं होऊ दे. मग काय तो माझा ईसीजी काढ," म्हणाले आणि आत जाऊन कडी लावली.

रसायनीच्या कंपनीत बॉयलरवर जन्म गेला ह्यांचा. तिथला दाब वाढला की लगेच कळायचं, स्वतःचा मात्र लपवतायत. ह्यांचे वडील असेच छातीवर हात ठेवून गेले होते.

मी देव्हाऱ्यापुढे बसले. देव्हारा रिकामा. पातेल्याकडे वळले, तर त्यातही एक नाही. खरं लिहिते, आज मला देवाचा राग आला. मी चुकले, कबूल. पण आईच्या हातून मूल निसटलं तर मूल रडतं तरी, म्हणजे कुठे आहे ते कळतं. तू आवाजही देत नाहीस. बाळाला वाचव, ह्यांना वाचव, असलं काही आज मागत नाही. तू आहेस का, एवढंच सांग.

काही ऐकू आलं नाही. आत हे खोकले, तेवढंच.

१२ डिसेंबर, गुरुवार

औषध लागू पडलं. काल मोठं मशीन काढलं, आज नाकाशी नुसती हवेची नळी आहे. रुचिरा फोनवर हसली. मी हसले नाही. मला माहीत आहे, आपण हसलो की कुणाचं तरी लक्ष जातं.

उलट मला नवीनच भीती लागलीय. समजा बाळ घरी आलं. मी देव बाहेर काढणार, तेव्हा बाळकृष्ण कुठून काढू? म्हणून दुपारी नाक बांधून जुन्या पनवेलच्या बाजारात गेले. भांड्यांच्या दुकानदाराने तबकात बाळकृष्ण मांडले. सगळे रांगते, सगळ्यांच्या हातात लोण्याचा गोळा, सगळे चकचकीत. "कितीचा दाखवू, काकू?" माझ्या बाळकृष्णाचं नाक झिजलंय. आधी आजीने, मग आईने, मग मी चिंचेने घासघासून झिजवलंय. यातला कुठलाही घरी नेला तरी तो मला ओळखणार नव्हता. काही न घेता परत आले.

ह्यांचा हात अजून छातीवरच आहे. जेवताना खिशावर आमटीचा थेंब पडला तर इतके दचकले की ताट सांडलं. मी ठरवलंय, बाळाचं होईपर्यंत थांबणार नाही. शनिवारी ह्यांना हॉस्पिटलच्याच खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे ओढत नेणार.

१४ डिसेंबर, शनिवार

आज दत्तजयंती. कुठून सुरुवात करू कळत नाही, म्हणून सकाळपासूनच लिहिते.

ईसीजीसाठी ह्यांना हॉस्पिटलातच गाठायचं ठरवून मी गेले. तोंडाला मास्क. दारात आभा सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं आलात. आज बाळाला उघड्या छातीवर घ्यायचंय. त्वचेची ऊब लागली की श्वासही सुधारतो, वजनही वाढतं. आई लागते खरं तर, पण ताईंचा ताप गेला नाही. वडील जहाजावर. तुमची सर्दी. मग उरले कोण?"

उरले ते बाकड्यावर बसले होते.

"मी?" हे म्हणाले. बॉयलर फुटतो म्हटल्यावरसुद्धा ह्यांचा चेहरा असा झाला नसता.

"आजोबा चालतात. हात-छाती साबणाने धुवायची, शर्ट काढायचा, बाळाला उभं धरून बसायचं. मी आहे ना बाजूला."

हे शर्टाच्या बटणांशी थांबले. मला वाटलं, आता माझ्यासमोर सगळं उघडं पडणार. छातीवर काय असेल, सूज असेल, काय असेल, मी श्वास रोखून बघत होते. ह्यांनी बटणं सोडली. छाती होती तशीच, पांढऱ्या केसांची. मग शर्ट माझ्या हातात देत हळूच म्हणाले, "घडी घालू नकोस. नुसता धर. आडवा करू नकोस."

आणि आत गेले. दार बंद झालं.

शर्ट एका बाजूला जड लागत होता. खिशाला पिन. पिनेच्या आत काहीतरी टणक. ह्यांनी घडी घालू नकोस म्हटलं होतं, पिन उघडू नकोस म्हटलं नव्हतं. आत चष्म्याचा रुमाल, रुमालात कापूस, आणि कापसात तो. झिजल्या नाकाचा. कोरडा आणि कोमट.

आधी मला राग आला. मी तुळस उपटली. मी भोकात तार घातली. मी हौसावर संशय घेतला. मी मरणाच्या भीतीने नऊ दिवस घास गिळले नाहीत, आणि हा ह्यांच्या खिशात. मग मी काचेतून आत बघितलं. हे खुर्चीत मागे टेकून बसले होते. छातीवर डाव्या बाजूला बाळ पालथं ठेवलं होतं, वरून दुपटं बांधलं होतं. टोपी दिसत होती. ह्यांचा हात त्याच्या पाठीवर होता, तसाच, जसा इतके दिवस खिशावर होता. मला रडू आलं आणि मास्क भिजला.

तासाभराने हे बाहेर आले. मी शर्ट दिला, पण बाळकृष्ण मुठीतच ठेवला. ह्यांनी खिसा चाचपला आणि मग माझ्या मुठीकडे बघितलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बुधवारी रात्री घेतला. तू झोपल्यावर."

"मला विचारायचं तरी."

"तू नाही म्हणाली असतीस. देव पाण्यातून मधेच काढायचे नसतात, ठाऊक आहे मला. म्हणून बाकीच्यांना हात लावला नाही. हा लहान आहे, शोभा. आत पोर जरा गार पडलं तरी मशीन बोंब मारतं, सगळ्या सिस्टर धावतात. आणि हा घरी नळाच्या पाण्यात. डिसेंबरात. मला ते बघवेना."

हे बाकड्यावर बसले आणि पायांकडे बघत म्हणाले, "गेल्या वेळी मीच काढले होते सगळे. तू दवाखान्यात होतीस. सगळं झाल्यावर मी घरी आलो, तर हे अजून पातेल्यात. बुळबुळीत झाले होते. आठवतं ना, बाळ दवाखान्यात, तू दवाखान्यात, मी दवाखान्यात, आणि देव एकटे घरी पाण्यात. आपण हाका कुणाला मारत होतो?"

एवढी वर्षं मला वाटत होतं, ह्यांनी देवाशी बोलणं टाकलं कारण देवाने ऐकलं नाही. तसं नव्हतंच ते.

"म्हणजे तुम्ही मानता त्याला," मी म्हटलं.

"ते मला विचारू नकोस. या वेळी म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे, पण सगळे एका ठिकाणी राहू. मी त्याला घेऊन बसतो, एवढंच."

"आणि पुटपुटता काय?"

हे लाजले. खरंच लाजले. "आकडे सांगतो त्याला. मशीनवरचे. त्याला खिशातून दिसत नाहीत ना."

ईसीजी मी तरीही काढायला लावला. नॉर्मल आहे.

१५ डिसेंबर, रविवार

बाळ घरी आलेलं नाही. वजन काल होतं त्याहून आज थोडं उतरलंय. डोळे तपासायचेत, कान तपासायचेत, अजून कितीतरी आठवडे म्हणतात. भीती गेलेली नाही. सकाळी उठते तेव्हा ती माझ्याआधी उठून बसलेली असते.

तरी आज मी देव बाहेर काढले. बोलल्याप्रमाणे काम पुरं झालं नव्हतं, शब्द मोडला, माहीत आहे. गणपती पुसला, अन्नपूर्णा पुसली, टाक पुसला, गरम कापडाने. बाळकृष्णा, गुरुवारी मी इकडे मातीत तुला शोधत होते, आणि तू ह्यांच्या खिशात बसून काचेपलीकडचे आकडे ऐकत होतास. 'तू आहेस का' म्हणून मी विचारलं त्या संध्याकाळीही तू पंख्याखाली वाळणाऱ्या शर्टाच्या आसपासच कुठेतरी असशील, कडी लावलेल्या खोलीत. आणि मी रिकाम्या देव्हाऱ्याशी भांडत होते.

हौसा केर काढताना थांबली. "येक देव कमी हाय वो."

"तो हॉस्पिटलला गेलाय. ह्यांच्याबरोबर."

तिला यात काही नवल वाटलं नाही. "मंग बरा हाय," म्हणाली आणि केर पुढे लोटला. जाता जाता तुळशीला बोटाने टोकरून सांगितलं, धरतेय मूळ.

हे निघाले तेव्हा मी खिशाची पिन नीट लागलीय का ते बघितलं. डबा दिला, आणि वर एक छोटी डबी, चमचाभर लोणी आणि साखर.

"हे कुणाला? बाळाला एवढ्यात असलं काही चालत नाही."

"बाळाला नाही," मी म्हटलं. "दुसऱ्याला."

ह्यांनी डबी उघडून बघितली, झाकण घट्ट लावलं आणि पिशवीत उभी राहील अशी ठेवली.